पाटीमागची तारीख

नाही हो भाऊ, मागे तारीख नसलेली पाटी आमच्याकडे मिळत नाही — मघाशीच सांगितलं ना तुम्हाला — आणि पुन्हा पुन्हा विचारलंत म्हणून काय माझं उत्तर बदलणार आहे? बसा. उन्हातून आलात, माठातलं पाणी घ्या, पेला तिथेच पालथा ठेवलाय. जळगावचं ऊन आहे, माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, म्हणून म्हणते बसा. ही टकटक ऐकू येतेय ना आतून, पडद्यामागून — ती तारीखच ठोकली जातेय. आमचे हे बसलेत आत. बाहेर 'अमृत आर्ट' लिहिलंय ते ह्यांचंच नाव. गिऱ्हाइकाशी बोलायचं मी, दिपमालाने, आणि पत्रा कापायचा, कडा घासायच्या, पाठीमागे आकड्यांचा पंच धरून हातोडीने तारीख ठोकायची ती ह्यांनी. एक पाय नाही त्यांना, बसूनच काम. पायाचं मात्र विचारू नका, विचारलंत तर अर्धा तास सांगत बसतील — पाटी होती, मीच पाळली नाही, माझीच चूक. नाही, आपलं बोलणं त्यांना जात नाही, हातोडी चालू असली की बाहेरचं काही ऐकू येत नाही. आणि तारीख कशाला म्हणाल तर गॅरंटीसाठी. गिऱ्हाईक येतं, रेडियम उडालं म्हणतं, बदलून द्या म्हणतं — मग पाटी उलटी करायची आणि बघायचं कधी नेली होती. पत्र्यातच खड्डा पडतो आकड्याचा, रंग मारा नाहीतर घासा, जात नाही. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

बरं, पाटी कसली पाहिजे ते तरी धड सांगा. दाल मिल म्हणालात. मिलला एक पाटी पुरत नाही भाऊ, ढीगभर लागतात, आणि त्या निवडायला डोकं लागतं — हो, मी स्पष्टच बोलते, राग आला तर माझा इलाज नाही. पिवळी म्हणजे सांभाळा, लाल गोल म्हणजे करू नका, निळी म्हणजे हे केलंच पाहिजे, हिरवी म्हणजे इकडून बाहेर पडा. हे सगळीकडे ठरलेलं आहे, माझ्या घरचं नाही. पण आपल्याकडे माणूस पाटी निवडतो ती लग्नाची साडी निवडल्यासारखी. एका शेठला बाहेर पडायची पाटी हिरव्यात नको होती. का तर हिरवा त्यांचा रंग. मी म्हटलं, आग लागली की धूर विचारणार आहे का तुम्ही कोणाचे? हेल्मेटची निळी दाखवली तर तीही नको, निळा आणखी दुसऱ्या कोणाचा. सगळ्या भगव्या करून द्या म्हणाला. मी दिल्या नाहीत, दुसरीकडून करून घेतल्या त्याने. बोदवडकडचे एक जिनिंगवाले आले, त्यांना विजेच्या पेटीवर कवटी नको — सकाळी सकाळी कोण अशुभ तोंड बघणार — त्याच्या जागी गणपती टाका म्हणे. अहो, चारशे चाळीस व्होल्टच्या पेटीवर गणपती. मग काय होणार? आपल्या बायाबापड्या हात लावून पाया पडणार, ओल्या बोटाने कुंकू लावणार. मी म्हटलं, शेठ, कवटी बघून माणूस मागे सरतो, गणपती बघून पुढे येतो. पटलं नाही त्यांना.

रस्त्याच्या पाट्यांचं तर काढूच नका. ग्रामपंचायतीचे लोक येतात, 'पुढे वळण आहे'ची पाटी पाहिजे. ठीक आहे. मग खाली सौजन्य अमुक भाऊ, तमुक नाना, शेजारी हात जोडलेला फोटो. बाण काढायला जागाच राहत नाही. मी विचारते, गाडीवाल्याने भाऊंचं तोंड बघून डावीकडे वळायचं की उजवीकडे? तर हसतात. आणि एवढं करून लावली पाटी, की पुढच्या महिन्यात भाऊंचा वाढदिवस, त्याच खांबाला शुभेच्छांचा फ्लेक्स, आणि वळण गेलं फ्लेक्सच्या पाठीमागे. पाटी म्हणजे आपल्याकडे शोभेची वस्तू, नाहीतर साहेब येणार म्हणून लावायची वस्तू. माणूस वाचावा म्हणून पाटी नेणारं गिऱ्हाईक मला बोटावर मोजण्याइतकं भेटलंय. तुम्ही त्यातले का दुसऱ्यातले, ते मला अजून कळत नाहीये.

ही? 'मशीन चालू असताना आत हात घालू नये' — हां, ही चांगली निवडली. लाल गोल, आत हात, वरून आडवी रेघ. म्हणजे तुमच्याकडे जाळी उघडी आहे कुठेतरी. डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा असेल, नाही का? खाली खड्डा असतो, त्यात डाळ सांडते, चुरी सांडते, ती भरायला बायका उतरतात. मग नुसत्या हाताने भागायचं नाही तुमचं, त्याच्या जोडीला ही न्या, पदराची. बघा, पट्ट्यात पदर ओढला गेलाय. ही माझी स्वतःची आहे. कंपन्यांच्या तयार पाट्यांवर सगळे पँटवाले, आणि आपल्याकडे मशीनवर उभ्या असतात पातळ नेसलेल्या बाया. त्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाहीच. नको? हाताचीच पाहिजे, आणि एकच पाहिजे. बरं. तुमच्या मिलमध्ये तुम्हाला कळतं. मध्यम मापाची देते. आत टाकते, दोन मिनिटांत तारीख ठोकून —

पुन्हा तेच. नको ना तारीख, मग पाटीही नको, विषय संपला. आता काय? ती? शटरला टांगलेली? अहो तो नमुना आहे, विकायचा नाही. नमुन्यावर कोण तारीख ठोकतं, म्हणून नाही ठोकली. उन्हाने लालाचा गुलाबी झालाय तिचा, बोटं पांढरी पडलीत, कोपरा वाकलाय. ती पाहिजे तुम्हाला? वर पैसेही जास्त देता? नवी पाटी सोडून उडालेली पाटी चढ्या भावाने मागणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. आणि मघाशी ती उलटून बघितलीत तुम्ही, मी बघितलं तेव्हाच, मला वाटलं खिळा बघताय कसा मारलाय ते. म्हणजे जुनी दिसली पाहिजे. म्हणजे कधीची लावलीय तशी दिसली पाहिजे. असंच ना?

मग सांगते, ह्या नमुन्याने तुमचं काम व्हायचं नाही. ही उन्हाने उडालीय. मिलमध्ये ऊन कुठून येणार? मिलमधली पाटी उडत नाही, मळते. डाळीची धूळ बसून पिवळट होते, कडेला तेलाच्या बोटांचे डाग पडतात, कोपऱ्यात कोळिष्टक धरतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे कुंकू. आपल्याकडे खंडेनवमीला मिलमध्ये झाडून सगळ्याला कुंकू लागतं — मोटर म्हणू नका, काटा म्हणू नका, पान्हे म्हणू नका, भिंतीवरची पाटीसुद्धा सुटत नाही. वर झेंडूची माळ. माळ सुकून गळते, पण दोऱ्याचा डाग राहतो, हळदीकुंकवाची बोटं पुढच्या दसऱ्यापर्यंत राहतात. तुमच्या पेटीवर असतील, काट्यावर असतील, आणि शेजारच्या ह्या एकट्या पाटीवर नसतील. तपासायला येणारा साहेब कितीही परका असला तरी त्याला — करंड्याकडे काय बघताय? भाऊ, तो माझ्या देव्हाऱ्यातला करंडा आहे. तिकडे का बघताय तुम्ही?

थांबा. उठू नका, बसा म्हणते ना. मी माझ्या धंद्याच्या तोऱ्यात बोलत सुटले आणि तुम्ही मुकाट्याने शिकून घेत होता. माझंच कुंकू माझ्याच पाटीला लावून नेणार होता, का? काय झालंय मिलमध्ये? खाली बघू नका, माझ्याकडे बघा. काय व्हयनं? बाई का बाप्या? बाई. नाव काय तिचं? नाव सांगा, नाव असेल ना तिला. तानुबाई. कोणता हात? उजवा. खड्ड्यात उतरली होती चुरी भरायला, आणि वरून कोणीतरी बटण दाबलं. कोणी दाबलं ते कळत नाही म्हणता — कळणारही नाही, ते कधीच कळत नसतं. कोपराखालून गेला. आणि ती सिव्हिलला पडलीय आणि तुम्ही इथे पंख्याखाली बसून मला विचारताय मध्यम बरी दिसेल का मोठी.

तू कोना शे रे, कोणाचा? हो, आता तूच म्हणणार, तुम्ही म्हणण्यासारखं काय ठेवलंस? मघापासून बघतेय, ही हनुवटी कुठेतरी बघितलीय. गाव कोणतं तुझं? पारोळ्याच्या अलीकडचं — म्हणजे तू झुलालआबांचा नातू. ललित. उघडा नाचायचास ओट्यावर, करगोटा घालून. अरे, माझ्या माहेराच्या बांधाला बांध आहे तुमचा. आखाजीच्या सणाला तुमच्या दारातल्या लिंबाला झोका बांधायचे, गावातल्या बठ्ठ्या, झाडून सगळ्या माहेरवाशिणी त्यावर खेळायच्या, मी खेळलेय. झोक्याची दोरी आबा स्वतः लोंबकळून बघायचे आधी, मग पोरींना बसू द्यायचे. एवढा जाडजूड माणूस फांदीला लोंबकळायचा, आम्ही हसायचो. कोणी सांगितलं होतं त्यांना? कोणता साहेब येणार होता तपासायला? आणि त्यांच्या घरातला तू, तुला शेठ म्हणतो जा, एक जुनी पाटी घेऊन ये, आणि तू येतोस.

नोकरी आहे, ठाऊक आहे मला. तू नाही आणलीस तर दुसरा आणेल, तेही ठाऊक आहे. काय म्हणालास, तोंडी सांगितलं होतं तिला? मशीन चालू असताना उतरू नको म्हणून तोंडी सांगितलं होतं — आणि चुरी साचली की ओरडत कोण होतं, काय गं तानुबाई, हात चालव? तूच ना? सुपरवायझर तूच ना? तोंडी सांगितलं असेल तर साहेबाला तसं सांग ना छातीवर हात ठेवून, की साहेब, पाटी नव्हती, जाळी नव्हती, तोंडी सांगितलं होतं. ते नाही सांगायचं. पाटी होती असं दाखवायचं. म्हणजे साहेब लिहून घेणार, मालकाने सगळी काळजी घेतली होती, पाटी डोळ्यांसमोर होती, बाईने दुर्लक्ष केलं. हात तिचाच गेला आणि चूकही तिचीच. तुम्ही सगळे हात झटकून मोकळे. झटकायला तुम्हाला हात आहेत.

आणि तिचं काय होणार, ते सांगू? लोक आधी कीव करतील, मग म्हणतील, पाटी होती म्हणे, हिनेच बघितलं नाही. घरचे म्हणतील. सून म्हणेल. मग ती स्वतः म्हणायला लागेल. डाव्या हाताने भाकरी थापताना, पदर खोचताना, केसाला तेल लावायला दुसऱ्याला हाक मारताना — रोज म्हणेल, माझंच चुकलं, पाटी होती. अरे, हात नाही ते माणूस सोसतो. पाय नाही ते सोसतो. माझ्याच चुकीने गेला, हे सोसवत नाही रे, ते रोज नव्याने गिळायला लागतं. उठल्यावर गिळायचं, जेवायला बसलं की गिळायचं. मला कसं ठाऊक? बठ्ठं ठाऊक शे माले. तुझ्या शेठपेक्षा जास्त ठाऊक आहे.

तुला तारीख नको ना, मग तारीख कशाला ठोकते ते ऐकून जा. गॅरंटी-बिरंटी काही नाही. तेव्हा दुकान पारोळ्यात होतं, हायवेच्या कडेला. मी दुकान बघायची आणि आमचे हे एका कंत्राटदाराकडे जायचे, रस्त्यावर पांढरे पट्टे मारायच्या कामाला. एक दिवस दुपारी मोटारसायकलवर एक माणूस आला. गाडी बंदसुद्धा केली नाही त्याने. म्हणाला, 'काम चालू आहे'ची पाटी द्या, लगेच द्या. त्रिकोणी असते बघ, त्यात खोऱ्याने माती ओढणारा माणूस. माझ्याकडे तयार होती. आमच्या पाटीवरच्या माणसाला टोपी असते — तू बघ कुठेही जाऊन, सगळ्यांच्या पाटीवर त्याचं डोकं म्हणजे नुसता काळा गोल, आमच्या माणसाला टोपी. ह्यांचीच हौस ती. म्हणायचे, खान्देशात बोडक्याने कोण उभा राहतो उन्हात, टोपी घाल त्याला. मी रेडियमची टोपी हाताने कापायची, एवढीशी. तर ती पाटी काढून दिली त्याला. दिली आणि आपली सहज विचारते, कुठे चाललंय काम? तो म्हणाला, धुळ्याच्या बाजूला, वळणावर. मी म्हटलं, अगं बाई, मग आमचे हे तिथेच असतील, त्यांना सांगा येताना मेथीची जुडी आणा. एवढंच म्हटलं मी.

तो माझ्याकडे बघत राहिला. पाटी हातात, गाडी चालू, आणि बघत राहिला. मग मान वर करून दुकानाचं नाव वाचलं त्याने. अमृत आर्ट. मला वाटलं ह्याला सुट्टे पाहिजेत. मी म्हटलं, काय हो? तर काही नाही म्हणाला आणि गेला. काही नाही म्हणाला, ललित. तेव्हा ह्यांना रस्त्यावरून उचलून धुळ्याला नेत होते. केळीचा ट्रक अंगावर आला होता वळणावरून. आणि त्या वळणावर एक पाटी नव्हती. एकही नव्हती, म्हणून तर तो माझ्या दारात आला. सगळ्यात जवळचं दुकान माझंच ना. पोलीस पोचायच्या आत माझी पाटी नेऊन रोवली त्या मातीत, आणि मी इकडे चुलीवर डाळ टाकून मेथीची वाट बघत होते.

रात्री धुळ्याच्या दवाखान्यात चौकशीला आलेल्या एका साहेबाने मोबाईलवर फोटो दाखवला मला. बघा बाई, पाटी होती, कंत्राटदाराने सगळी काळजी घेतलेली, तुमचा माणूसच पाटी सोडून गाड्यांच्या वाटेत गेला. मी फोटो बघितला. टोपीवाला माणूस. मी कापलेली टोपी मला ओळखू येणार नाही? मी म्हटलं, साहेब, ही तर आज दुपारी माझ्याकडून नेलीय. तर म्हणे, कशावरून? अशा पाट्या रस्त्यावर पडलेल्या असतात बाई, तुम्ही घाबरलेल्या आहात, पाणी प्या. मी म्हटलं, टोपी बघा. तो म्हणाला, टोपीवाली पाटी तुम्ही एकच विकली का आजवर? विकल्या होत्याच ना आधी. मागून कोरी होती रे पाटी. कधी नेली ते कोणी सांगायचं, पाटीने? पाटीला तोंड असतं का? दुकान पुन्हा उघडलं त्या दिवसापासून मी तिला तोंड दिलं. पहिले पंच मी स्वतः आणले, पहिल्या तारखा मी ठोकल्या, अंगठा फुटला तरी ठोकल्या. हे घरी आल्यावर म्हणाले, हे काय नवीन? मी म्हटलं, गॅरंटीसाठी.

आणि शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? पायाचं नाही विचारलं. त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं त्यांना, सकाळी घरून निघाल्याचंसुद्धा नाही. म्हणाले, पाटी व्हती का वं? सगळे उभे होते खाटेभोवती, कंत्राटदाराचा माणूस फळं घेऊन उभा होता. मी म्हटलं, होती. नव्हती म्हटलं असतं तर फोटो दाखवला असता त्यांना, आणि फोटोत माझी टोपी, ती ह्यांनी लगेच ओळखली असती. म्हटलं, आधी जखम भरू दे, मग सांगू निवांत. जखम भरली. पण तोवर ह्यांनी ते धरून ठेवलं होतं — पाटी होती, मीच चुकलो. येईल त्याला सांगतात. इकडे जळगावला, पिंप्राळ्यात आल्यावर इथल्या शाळेत बोलावलं एकदा, पोरांना रस्त्याचे नियम सांगायला. काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, पोरांनो, पाटी पाळा, मी पाळली नाही, माझा पाय बघा. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मागच्या बाकावर बसून. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याची उभी केलेली वीटसुद्धा ओलांडली नाही तो पोरांसमोर स्वतःला बेफिकीर म्हणवून घेत होता, आणि मी टाळ्या वाजवत होते. कंत्राटदार गेला पुढच्या रस्त्याला. तो मोटारसायकलवाला पुन्हा दिसला नाही. दिसला तर त्याचं मी काय करीन ते मला सांगता येत नाही. आणि आज तू आलास, तसाच, घाईघाईने, एक पाटी द्या म्हणत. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं मी काय विकतेय. आज ठाऊक आहे.

तेव्हा ऐक. हाताची पाटी तू घेऊनच जायची, आणि पदराचीही घेऊन जायची, पैसे देऊ नको, मला तुझ्या शेठचा पैसा नको. तारीख आजची. आज संध्याकाळी लाव, जाळी बसवून घे, कारण उद्या त्या खड्ड्यात तानुबाईच्या जागी दुसरी कोणीतरी उतरणार आहे, तू तिला ओरडून उतरवणार आहेस. आणि साहेब आला की उलटून दाखव त्याला पाटी. नाही दाखवलीस तर मी दाखवीन. उद्या सकाळी मी सिव्हिलला जाणार. तानुबाईच्या खाटेशी बसून तिला सांगणार, बाई, पाटी नव्हती. कोणीही फोटो दाखवू दे, कोणीही फळं आणू दे, पाटी नव्हती, चूक तुझी नव्हती. ती बरी व्हायची वाट बघणार नाही मी. आणि तुमचा साहेब मला विचारायला आला, तर झुलालआबांचा नातू माझ्याकडे काय मागायला आला होता तेही सांगणार, तुझं नाव घेऊन सांगणार. शेठला निरोप दे जाऊन. पळू नको, थांब, पाट्या घेऊन जा. लगेच देते ठोकून.

अहो, ऐकलंत का? एक हाताची आणि एक पदराची, आजची तारीख टाका. अहो. गिऱ्हाईक खोळंबलंय.

अहो.

ललित, हातोडी कधी थांबली रे? तू आतल्या दाराकडे तोंड करून बसलायस, पडदा तुझ्यासमोर आहे, तुला कळलं असेल. आत्ता थांबली ना? मी हाक मारली तेव्हा? मान नको हलवू नुसती, नीट सांग. त्या आधी? शाळेचं सांगत होते तेव्हा?

मेथीच्या आधीच?

जा तू आता. नाही, पाट्या राहू दे, संध्याकाळी ये, नाहीतर नको येऊस, पण आत्ता जा. शटर अर्धं ओढून घे जाताना. त्यांची काठी इथे बाहेर आहे, माझ्याजवळ, त्यांना उठता येणार नाही — ललित, जा म्हटलं ना.

अहो.